तळाचा रंग

माझे बाबा गाडी बघायला गेले आणि होडी बघून आले. आमच्या घरावर पुढे जे कोसळलं त्याचं मूळ एवढंच. एका वाक्यात सांगून होतं, पण सांगून मोकळं होता येत नाही, म्हणून सगळंच सांगते.

आम्ही घिवलीचे. बाबांचं नाव कमलाकांत. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते होडीवर. आई हंसा, बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. तिच्याशी घासाघीस करायला आलेलं गिऱ्हाईक शेवटी तिच्याच भावानं घेऊन जायचं आणि वर 'येते हां मावशी' म्हणायचं. धाकटा निमेश तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. मी रुचिता, थोरली, लग्न होऊन सरावलीला आले. माझी जीभ आईवर गेली आहे असं सगळे म्हणतात. म्हणू देत. आता तिचं तेवढंच माझ्यापाशी उरलं आहे.

आईच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हापासून तिला आठवड्यातून तीनदा घिवलीहून बोईसरला डायलिसिसला न्यावं लागायचं. जाताना ती बरी असायची, रिक्षावाल्याची फिरकीसुद्धा घ्यायची. येताना मात्र पिळून काढलेल्या फडक्यासारखी व्हायची. ज्या हातातून रक्त काढायचं त्या हाताला धक्का लागता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि आमच्या रस्त्यावर धक्क्यांखेरीज दुसरं काही नाही. एकदा येताना तिला शेअर रिक्षात उलटी झाली. रिक्षावाल्यानं पास्थळला आई-बाबा दोघांनाही उतरवून दिलं. टँकरांच्या धुरळ्यात आई एका बंद दुकानाच्या पायरीवर आडवी झाली आणि बाबा अंगातला सदरा काढून तिच्या तोंडावर सावली धरून उभे राहिले. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "हंसाला आता कोनाच्या रिक्षात बसवनार नाय मी."

म्हणजे गाडी घ्यायची. नव्या गाडीची ऐपत नव्हती, म्हणून जुनी. आता जुनी गाडी म्हणजे घाईत उरकायला काढलेलं स्थळ, दोन-चार खोडी झाकूनच पुढे आणणार. हे मीच बाबांना सांगितलं.

"मिथुनला घेतल्याशिवाय जायचं नाय हां बाबा. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं."

"मी काय आज जलमलोय?" बाबा म्हणाले.

मिथुन हा निमेशचा मित्र, सरावलीतल्या एका गॅरेजवरचा मिस्त्री. कमी बोलतो, हात काळे, डोकं जाग्यावर. त्याला घेऊन एका सकाळी आम्ही केतनच्या यार्डात गेलो. केतन सरावलीच्या रस्त्याला पत्र्याच्या कुंपणात जुन्या गाड्या लावून विकतो. कारखान्यातले कामगार आले की त्यांच्याशी हिंदी, शहरातलं कुणी आलं की शुद्ध मराठी आणि आमच्यासारखं कुणी आलं की आमच्यासारखंच बोलतो. मूळचा तो केळव्याजवळच्या माहीमचा. त्याच्या आजोबांची होडी होती, हे त्यानं आम्ही गाडीकडे बघायच्या आधीच सांगून टाकलं. बाबांचा चेहरा तिथेच खुलला. आपल्यातला माणूस भेटला.

आईला बसायला त्यानं खुर्ची आणली, उसाचा रस मागवला.

"मला पानीसुदा मोजून प्यायला सांगितलंय रे बाला," आई म्हणाली. "रस तूच पी. बोलून बोलून तुजा गला सुकला असेल."

पांढरी व्हॅन होती. मधल्या सीटवर आई पाय लांब करून बसू शकेल, अशी. निमेशनं फोनवर इतके व्हिडिओ बघितले होते की गाडी घेताना काय काय बघायचं ते त्याला तोंडपाठ. इंजिन थंड असतानाच चालू करायचं. धुराचा रंग बघायचा. पावसात कधी गाडी बघायची नाही, ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत. दरवाज्यांच्या फटी सारख्या आहेत का ते बघायचं. बोनेटवर हात ठेवून तो असा गंभीर उभा राहिला, जसा काही ताप बघतोय. मिथुननं तेल बघितलं, क्लच बघितला, टायर बघितले, कागदावरचा नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी ताडून बघितला, एक चक्कर मारून आणली.

"इंजिन चांगलं हाय काका," तो म्हणाला. मग मागचा दरवाजा उघडून त्यानं आत डोकं घातलं आणि तसाच थांबला. "आत मासलीचा वास येतो. केतनभाई, कशाला वापरलीय ही गाडी?"

केतननं उत्तर द्यायच्या आधीच बाबा हसत सुटले. "आरं, तो माजा वास हाय! आमी दोगं जाऊ तिथं तो आमच्या मागनं येतो."

आईही हसली. सगळ्यांत जास्त केतन हसला.

घिवलीत जन्मलेल्या माणसाला मासळीचा वास म्हणजे घराचा वास. बाबा, आई, निमेश, मी, आमच्या चारही नाकांना त्या गाडीत वेगळं काही आलंच नाही. दुसऱ्या कुठल्याही घरातली माणसं असती तर त्यांनी नाक दाबून चार प्रश्न विचारले असते.

मग बाबा म्हणाले, "आता मी बगतो," आणि होडी वाळूवर ओढून घेतली की तिच्याखाली जसे पाठीवर सरकतात तसे त्या गाडीखाली सरकले. खाली सगळं काळं कुळकुळीत, ताज्या रंगानं चकचकत होतं. त्यांनी हात फिरवला. बोटांच्या पेरांनी वाजवून बघितलं. लाकूड चांगलं असलं की टणटणीत वाजतं आणि कुजलं की बद्द वाजतं, हे त्यांच्या कानाला कुणी शिकवायला नको. ते बद्द वाजलं. बाहेर उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं.

"रंग जाड बसलाय," बाबा खालूनच म्हणाले. खुशीत म्हणाले.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर काढून शाकारतात आणि नारळी पुनवेच्या आधी प्रत्येकजण आपल्या होडीचा तळ खरवडून, भेगा बुजवून, नव्यानं रंगवतो. घरात चूल पेटली नाही तरी चालेल, पण तळाला रंग पाहिजे. ज्याच्या होडीचा तळ नवा, तो माणूस कष्टाळू, बायकापोरांची काळजी असलेला. मुलगी द्यायची तर माणसं आधी तळ बघून येत, असं आजी सांगायची. आणि एकदा रंग लागला की होडी पाण्यात जाईपर्यंत त्या तळाला कुणी लोखंड लावायचं नाही. ना कोयता, ना खिळा. दुसऱ्याच्या रंगवलेल्या होडीला टोचून बघणं म्हणजे त्या माणसाला तोंडावर खोटारडा म्हणणं, आणि अपशकुन तो वेगळाच. या एका गोष्टीवरून आमच्या आळीत डोकी फुटली आहेत.

म्हणून मिथुननं खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला तेव्हा बाबांचा चेहरा बदलला.

"काका, जरा खरवडून बगतो," मिथुन म्हणाला. "कोटिंग नवं हाय. जुन्या गाडीला कोन उगाच नवं कोटिंग करतो? खालचा पत्रा बगायला पायजे."

केतन पुढे आला नाही. त्यानं अडवलं नाही. जागच्या जागी उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "बग ना भावा, खुशाल टोच. पन काका, तुमीच सांगा, रंगवलेल्या होडीला आपल्यात कोन लोखंड लावतो काय?"

माहीमचा होता तो. त्याला ठाऊक होतं कुठे बोट ठेवायचं.

बाबांनी मिथुनचं मनगट धरलं. "ठेव ते. मानसानं जीव लावून तल रंगवलाय. मी बगितला हाय."

"काका, ही होडी नाय."

"मला शिकवू नको."

मिथुननं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाबा, बघू द्या की त्याला." बाबा माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. त्यांनी गाडीच्या पुढच्या काचेला हात लावला आणि तो कपाळाला लावला. म्हणजे झालं. मग त्या माणसापुढे ब्रह्मदेव आला तरी उपयोग नसतो.

गाडी घरी आली. नारळ फुटला. आईनं मागच्या काचेवर देवीचं स्टिकर स्वतःच्या हातानं चिकटवलं, तेही जरा तिरकं. आळीतल्या बायका बघायला आल्या तेव्हा मधल्या सीटवर बसून सगळ्यांना म्हणाली, "आता मला मॅडम म्हनायचं. मॅडम, बोंबील कसे दिले?"

ते महिने चांगले गेले, हे सांगायलाच हवं. आई येताना सीटवर कलंडून झोपायची. बाबा प्रत्येक वेळी तिचा पट्टा स्वतः बांधायचे, ओढून ओढून, होडीचा दोर खुंटाला आवळावा तसा.

"मी काय पलून जाते काय?" आई म्हणायची.

"तुजा काय भरवसा?"

पावसाळ्यात आईच्या पायाखालचं मॅट ओलं राहायला लागलं. तिची चप्पल भिजायची. बाबा म्हणाले, दारातून येत असेल. होडीत ओंजळभर पाणी दिसलं तर रात्र रात्र भेग शोधणारा हा माणूस. गाडीला भेग असते हेच त्याच्या डोक्यात नव्हतं. गाडी जमिनीवर चालते, पाणी तिचं काय करणार?

गणपती नुकतेच गेले होते. डायलिसिस करून तिघं घरी निघाली होती. निमेश चालवत होता, बाबा त्याच्या शेजारी, आई मागे मधल्या सीटवर. पास्थळच्या अलीकडे पुढचा टँकर अचानक थांबला. निमेशनं करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली. टँकरपासून चांगली हातभर अलीकडे थांबली. गाडीला साधा ओरखडा नाही. निमेशच्या तोंडून 'वाचलो' असा शब्दही निघाला.

तेवढ्यात बाबांच्या पाठीला मागून धक्का बसला.

आईची सीट पुढे आली होती. सीट तुटली नव्हती, पट्टा सुटला नव्हता. सीट ज्या पत्र्याला बोल्टनं बसवलेली होती तो पत्राच बोल्टांसकट उपटून आला होता. आई बांधलेली होती तशीच, सीटसकट, बाबांच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर डोक्यानं आपटली. बाहेरून फक्त टेंगूळ आलं. ती बाबांना म्हणाली, "मला काय नाय झालं. तुमाला लागलं काय?" डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून औषध देतात. ते तिच्या अंगात होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत ती बोलायची थांबली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

मिथुननं नंतर गाडीतलं मॅट उचलून दाखवलं. आम्ही सगळे उभे होतो. त्यानं तळाचा एक तुकडा हातानं मोडला, भाजलेला पापड मोडावा तसा. वर गंज, मध्ये गंज आणि खाली तेवढा काळा चकचकीत रंग. मासळीचे क्रेट न्यायची गाडी होती ती. वर्षानुवर्षं बर्फाचं खारट पाणी मॅटखाली झिरपून पत्रा खाऊन गेलं होतं. मिथुन हे सगळं खाली मान घालून सांगत होता.

"तुला वास आला होता," बाबा म्हणाले.

"हो काका."

"आनि मी हसलो."

बाबांनी मिथुनच्या खिशाकडे बोट केलं. "तो स्क्रू ड्रायवर मला दे." त्यानं दिला.

निमेश केतनकडे भांडायला गेला. केतननं त्याला बसायला खुर्ची दिली. "वाईट झालं रे," म्हणाला. "पन तुमच्या मिस्त्रीनं गाडी बगितली, काकांनी तल बगितला. मी कोनाचा हात धरला काय?" खरंच होतं ते. हात बाबांनी धरला होता. पोलिसांत अपघात म्हणून नोंद झाली आणि तिथेच संपलं. ती गाडी निमेशला डोळ्यांसमोर नको होती, बोईसरच्या एका भंगारवाल्यानं ती उचलून नेली.

आईच्या बाराव्याला मी बाबांना बोलले. सगळ्यांसमोर बोलले. "मिथुन ओरडून सांगत होता, मी सांगत होते. तुम्हाला त्या माहीमवाल्याचा रंग खरा वाटला. तुम्ही स्वतःच्या हातानं तिला त्या सीटला बांधलंत." आनंदीआत्या मला गप्प करायला आली तर मी तिलाही झिडकारलं. मला इतका राग आला होता की बाबांचं रडणंसुद्धा मला सोंग वाटलं. त्यानंतर मी घिवलीला गेले नाही. त्यांचा फोन आला तर नवऱ्याच्या हातात द्यायचे.

दिवाळी झाली. एका सकाळी मी कामावर निघाले होते, रिक्षा केतनच्या यार्डासमोर गर्दीत अडकली. कुंपणाच्या आत अगदी पुढे एक पांढरी व्हॅन उभी होती. मागच्या काचेवर स्टिकर खरवडून काढल्याची चौकोनी खूण होती. तिरकी.

नंबर बघायची गरज नव्हती, तरी बघितला. रिक्षातून उतरले, फाटकातून आत गेले, वाकले. खाली काळा कुळकुळीत ताजा रंग. सीटला नवं कव्हर, पायाखाली नवं मॅट. मी बाहेर येऊन बाबांना फोन लावला. कितीतरी दिवसांनी त्यांनी माझा आवाज ऐकला असेल.

"केतनकडे या," मी म्हटलं. "गाडी आलीय."

कुठली, असं त्यांनी विचारलं नाही.

ते येईपर्यंत मी रस्त्यापलीकडे उभी राहिले. मध्येच एक जोडपं यार्डात शिरलं. नवरा तरणा, बायकोच्या कडेवर लहान मूल. नंतर नावं कळली, जिवल्या आणि जिवली, मनोरच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. पाड्यावरून नाक्यापर्यंत माणसं न्यायला गाडी घ्यायची होती त्यांना. केतन त्यांना थेट त्या व्हॅनकडे घेऊन गेला. जिवल्या पुढे बसून स्टिअरिंग फिरवून बघायला लागला आणि जिवली मधल्या सीटवर बसली. मूल मांडीवर. तिथेच. मला राहवेना, मी आत धावले.

"ताई, उतरा. या गाडीत माझी आई गेली."

जिवली घाबरून नवऱ्याकडे बघायला लागली. केतन मऊ आवाजात म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नका भाऊ. घरात दुःख झालंय तिच्या. गाडीला काय झालंय काय? एक ओरखडा दाखवा. खालून तर आताच कोटिंग करून घेतलंय, वाकून बगा."

जिवल्या खाली उतरला, वाकला, बघितलं. त्याच्या तोंडावर तेच समाधान, जे मी बाबांच्या तोंडावर बघितलं होतं.

तेवढ्यात बाबा आले. कुठल्या तरी ओळखीच्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आले होते. किती वाळले होते. सदरा अंगावर लोंबत होता. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, सरळ जिवल्यापुढे जाऊन उभे राहिले.

"बाला, ही घेऊ नको. माजी बायको गेली हिच्यात. तल कुजलाय."

"काका, भाव पाडायला आलात काय?" केतन हसला. मग जिवल्याला म्हणाला, "बायको गेल्यापासून यांचं असंच चाललंय."

बाबांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. मिथुनचाच. तेव्हापासून ते तो खिशात घेऊन फिरत होते, हे मला त्या क्षणी कळलं. ते खाली वाकणार, इतक्यात जिवल्यानं त्यांचं मनगट धरलं. जोरानं नाही. मोठ्या माणसाचा मान राखून धरलं.

"नको बाबा," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या गाडीला कशाला टोचता? त्यानं नवा रंग लावलाय."

बाबा आपल्या मनगटावरच्या त्या हाताकडे बघत राहिले. इतके दिवस मी या माणसाला मूर्ख, हट्टी, बायकोचा जीव घेणारा म्हणत होते, आणि इथे एक अनोळखी भला माणूस अगदी तीच चूक तितक्याच भलेपणानं करत होता.

बाबांनी दुसऱ्या हातानं जिवल्याची बोटं हळूहळू सोडवली. खाली बसले, पाठीवर आडवे झाले आणि सरकत गाडीखाली गेले. त्यांच्या चपला तेवढ्या बाहेर राहिल्या.

"ए काका! निगा बाहेर! माजी गाडी हाय ती!" केतनचा मऊ आवाज पहिल्यांदा फाटला. तो त्यांचे पाय ओढायला धावला. मी त्याच्या आडवी गेले. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण आई असती तर खूश झाली असती. रस्त्यावरचे दोन-तीन कामगार 'क्या हुआ, क्या हुआ' करत आत आले, आणि त्यांच्यापुढे म्हाताऱ्याला फरफटत बाहेर ओढायची केतनची हिंमत झाली नाही.

मी गाडीत चढले. जिवलीच्या पायाखालचं नवं मॅट दोन्ही हातांनी ओढून काढलं. खाली राखाडी रंग मारलेला गुळगुळीत तळ होता, बघणाऱ्याला वाटावं कालच कारखान्यातून आलाय. जिवली पाय वर घेऊन बसली, मूल छातीशी धरून. ती माझ्याकडे बघत होती, मी वेडी आहे असं.

खालून ठोका ऐकू आला. बद्द. मग दुसरा. मग खरवडल्याचा आवाज. मग बाबांचा जोर लावल्याचा हुंकार. आणि जिवलीच्या चपलांच्या मधोमध तळातून स्क्रू ड्रायव्हरचं टोक वर आलं. काही आवाजसुद्धा झाला नाही. ओल्या पुठ्ठ्यातून यावं तसं आलं, आत गेलं आणि वीतभर अलीकडे पुन्हा वर आलं. भुसभुशीत गंजाचा चुरा तिच्या पायांपाशी सांडला. मागच्या बाजूला, सीटच्या बोल्टापाशी, तिसरं भोक पडलं, तिथे लावलेलं नवं पत्र्याचं ठिगळ एका बाजूनं सुटून वर उचललं गेलं.

जिवल्या आत डोकावून ते बघत होता.

जिवली मात्र हलेना. भीतीनं तिला उठता येईना. टोक तिच्या आजूबाजूला वर येत होतं, जात होतं, आणि खालून बाबांचा आवाज यायला लागला. आधी मला वाटलं ते केतनला शिव्या देत आहेत. मग शब्द कळले.

"उतर गो. हंसा, उतर. उतर आता."

जिवल्यानं बायकोला दंडाला धरून बाहेर काढलं. मूल रडायला लागलं. गाडी रिकामी झाली तरी स्क्रू ड्रायव्हर वर येतच होता, रिकाम्या सीटच्या चारही बाजूंनी, आणि ते म्हणतच होते, उतर गो, उतर.

मी खाली उतरले. धुळीत गुडघे टेकले आणि गाडीखाली हात घालून बाबांचा पाय धरला.

"बाबा," मी म्हटलं, "उतरली ती."